‘झोपू नका’च्या पहिल्या रांगेत

“तुमाले हासता येते काय?”

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानाच्या छपराखाली मी उभी होते. आषाढ सरत आला होता, पावसाची झड थांबत नव्हती आणि सावलीकडची बस काही येत नव्हती. विचारणारा दुकानाच्या जिन्यावरून धावत आला होता. अंगात झकपक कोट, पायात रबरी चप्पल.

“काऊन?” मी विचारलं.

“वरती आमचा कार्यक्रम आहे. हासनारे समदे धानाच्या रोवणीले गेले... या ना जी!”

तो लोकेश. तालुक्याच्या केबलवर गुरुवारी रात्री लागणारा ‘झोपू नका’ तोच करायचा. पुढाऱ्यांच्या नकला, बातम्यांची थट्टा, मग एखादा पाहुणा. रेकॉर्डिंग मात्र त्याच दिवशी भरदुपारी व्हायचं.

“आमच्या रस्त्यावर खड्डे नाईत,” तो कॅमेऱ्याला सांगत होता, “सरकारनं दर दहा पावलावर शेततळं देल्लं!”

सगळे हसले. मी नाही.

नंतर चहाचा कप पुढे करत तो म्हणाला, “एवढा फालतू होता काय जोक?”

“चांगला होता. मीच... हासत नाई आजकाल.”

“मंग पुढच्या गुरुवारी याच. तुमाले पाहून आमाले आमची लायकी समजते.”

मी गेले. जात राहिले. प्रत्येक विनोदानंतर त्याची नजर पहिल्या रांगेत यायची, क्षणभर थांबायची, आणि मला उगीच पदर सारखा करावासा वाटायचा... ओढणी असली तरी! ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

एकदा जिन्यावर मी त्याला सांगितलं.

“माही आई मोहफुलं वेचाले गेली होती. वाघानं...”

त्यानं विनोद केला नाही. हळूच विचारलं, “नाव काय होतं त्यायचं?”

“मनकर्णा.”

छत्री माझ्यावर धरून तो भिजत उभा राहिला.

पोळ्यानंतर एक बडे पुढारी पाहुणे म्हणून आले. लोकेशनं विचारलं, “साहेब, जंगलाजवळच्या गावाईले कुंपन कधी?”

“अरे, वाघ मतदार असता त मीच त्याले समजावलं असतं!”

हशा उसळला. लोकेशही हसला — खळखळून, मांडीवर थाप मारून. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी उठले.

तो बसस्टँडपर्यंत मागे धावला. “दिव्यानी! सवयीनं हासलो ग... तेवढं कापून टाकतो.”

“कापून काय होते? तू त हासलाच ना.”

बस आली. मी चढले.

त्या रात्री बाबांनी टीव्ही लावला. लोकेशनं काहीच कापलं नव्हतं. पुढाऱ्यांचा विनोद, त्याचं हसणं, सगळं तसंच. मग तो एकटाच समोर आला. “हा मी हासून राह्यलो. मोहफुलं वेचताना गेलेल्या मनकर्णाबाईची पोरगी तवा समोर बसली होती. याच्यापुढं मले काई सुचत नाई.”

बाबा ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

आठवड्याभरात पुढाऱ्यांच्या दबावानं केबलवाल्यानं कार्यक्रम बंद केला. आणि एका दुपारी लोकेश आमच्या घरी आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. बाबा ओसरीत बाजेवर बसले होते.

“जयभीम, बाबा.”

“माह्या बायकोचं नाव घेतलं तुनं. कोनाले इचारून?”

लोकेशची मान खाली गेली.

“लोक रस्त्यात थांबवून इचारतात,” बाबा म्हणाले. “रोज नव्यानं मरते ती.”

“चुकलं माहं.” सारा तालुका हसवणाऱ्याला एवढंच सुचलं. “नागपूरले चाललो. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं काम भेटलं. माफी मांगाले आलो होतो, बाबा. तुमाले... आनि हिले.”

तो वळला.

“बाबा, नाव मीच सांगतलं होतं त्याले,” मी म्हणाले. “दुसऱ्या कोनालेच सांगू शकली नाई मी. मले... मले तो आवडते.”

टिनावर पाऊस वाजत राहिला. लोकेश पायरीवर थिजला होता. बाबा त्याच्याकडे वळले.

“हिनं तिच्याबद्दल अजून काय सांगतलं तुले?”

“जास्त नाई. ही रडाले लागते.”

बाबा बाजेवर थोडे सरकले.

“बस. कशी होती, ते मी सांगतो.”

मी चहा ठेवायला आत गेले. बाबांचा आवाज येत होता — थांबत, अडखळत. नागपूरची संध्याकाळची बस निघून गेली, तरी लोकेश उठला नाही.