नीळकंठची डिस्क

कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकायचं असं वरून ठरलं, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार याबद्दल मला शंका नव्हती. पिपलानीतल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात चौदा वर्षं कुणाचाही कॉम्प्युटर अडला की हाक विश्वास देवधरला, म्हणजे मला. काम मिळालं नागपूरहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या नीळकंठ बोकारेला.

त्यानं महिन्याभरात चाळीस कॉम्प्युटर बदलले. त्यात काय मोठंसं? एक कॉम्प्युटर नीट तयार करायचा आणि त्याची डिस्क बाकीच्यांवर जशीच्या तशी उतरवायची. पण जो तो नीळकंठच्या टेबलाशी.

"अब आपको तकलीफ नहीं देंगे, देवधर साब," असं म्हणत ऑफिसातले श्यामबाबू माझ्यासमोरून त्याच्याकडे गेले.

खरं सांगतो, मी जळलो. त्याच्या हुशारीवर जळलो, तसाच त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावरही.

मला लिनक्स यायलाच हवं होतं, आणि तेही त्याला न विचारता. शनिवारी तो लवकर गेल्यावर मी त्याच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढली, डब्याच्या पिशवीत घातली आणि स्कूटरवरून क्वार्टरवर आणली. सोमवारी साडेसातच्या आत परत बसवली की झालं.

रविवारी दुपारी माझी बायको कमलिनी भिशीला नेहरू नगरला गेली. मी त्याची डिस्क माझ्या डिस्कवर उतरवायला लावली. काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं, माझ्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. आमचे फोटो! लग्नाचे, मी स्वतः एकेक करून स्कॅन केलेले; पचमढीचे, सांचीचे. दुसरी प्रत कुठेही नव्हती. इतरांना चौदा वर्षं 'आधी कॉपी काढा' म्हणून दटावणारा मी! कमलिनीला काय तोंड दाखवू?

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर नीळकंठचं नाव आलं आणि पासवर्डची चौकट. त्याचं गाव घातलं, कारखान्याचं नाव घातलं. दोन्ही चुकलं. मग, का कोण जाणे, मी 'kamalini' असं टाइप केलं.

उघडलं.

कमलिनीनं त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आत एकच फोल्डर होता. त्यात फोटो होते, आमचेच. मीच दिलेली नावं, मीच घातलेल्या तारखा. माझा जीव भांड्यात पडला.

पहिला उघडला. सांचीचा स्तूप, ऊन, कमलिनीची हिरवी साडी. तिच्या शेजारी नीळकंठ उभा होता.

दुसरा. पचमढी. तिच्या खांद्यावर हात. नीळकंठचा.

लग्नातला. मुंडावळ्या बांधलेला नीळकंठ. मागे माझे वडील अक्षता टाकताहेत, त्याच्याकडे बघून हसताहेत. माझ्याकडे बघून ते असे कधी हसले नव्हते, आणि त्या क्षणी मला भीतीपेक्षा तेच जास्त लागलं.

कुणीतरी चेहरे बदलले असतील म्हणून मी फोटो मोठा करून पाहिला. कुठेही सांधा नव्हता.

भिंतीवर आमचा लग्नाचा फोटो आहे, कागदावरचा. तिकडे मान वळवायचं धैर्य मला झालं नाही.

दार वाजलं. कमलिनी आली. चपला काढून ती आत आली आणि पडद्यापाशी थबकली.

"अगं बाई," ती हसली. "किती बारीक होते हे तेव्हा!"

"कोण?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला.

"बसा ना," ती अदबीनं म्हणाली. "हे येतीलच एवढ्यात. चहा घेऊन जा."

मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि फडताळातून पाहुण्यांचे कप काढल्याचा आवाज आला.