उलटी उशी

दादाची वळकटी आणायला मी डहाणू रोड स्टेशनला गेलो. त्याच्याच बराकीतला सुनिल, शेजारच्या तलासरीचा, सुट्टीवर येताना ती घेऊन आला होता. माझ्या खांद्यावर ठेवत म्हणाला, "आत दोन उश्या आहेत, भाई. एक त्याने तुझ्यासाठी घेतलेली."

नविनदादा फौजेत होता. तिकडची थंडी छातीत भरली, खोकून खोकून गेला. गंजाडला आमच्या घरी शवपेटी आली, पण उघडू दिली नाही. त्याचं तोंड मी पाहिलंच नाही.

सुट्टीवर आला की तो माझ्या शेजारी उलटा झोपायचा. माझ्या डोक्याशी त्याचे पाय.

"शी! काय वास मारतात तुझे पाय!"

"गप रे विप्या. बराकीत चाळीस जण असेच झोपतो. एकाचं डोकं, शेजारच्याचे पाय. एकाचा खोकला दुसऱ्याला लागू नये म्हणून."

वळकटी आणली त्याच्या दुसऱ्या दुपारी चिकूच्या वाडीतून आलो, तिच्यातली त्याची गादी पसरली. दोन्ही उश्या मुद्दाम भिंतीकडे ठेवल्या आणि झोपलो. जाग आली तर त्याची उशी दाराकडे गेलेली. माझ्या गालाशी गादीत दोन खड्डे. टाचांचे. हात लावला... अजून ऊब होती. बूटपॉलिशचा वास आला.

घाबरलो नाही. आधी हसूच आलं. मग रडू.

चार दुपारी हेच. मी उशी ओढून आणायचो, तो परत फिरवायचा. आई ओटीवरच तांदूळ निवडत असायची. आत कोणी गेलं नाही म्हणायची.

पाचव्या दुपारी मी चिडलो. त्या खड्ड्यांवर कपाळ टेकलं.

"दादा, नुसते पायच दाखवणार का? एकदा तोंड दाखव... मला काही होत नाही!"

दाराकडून कोणीतरी दाबून खोकलं. मी डोळे मिटून पडून राहिलो. थोड्या वेळाने तोंडावर गरम, ओला श्वास आला... डोळे उघडले. कोणी नव्हतं. दोन्ही उश्या भिंतीशी होत्या, एकमेकींना टेकून.

तेव्हापासून मला खोकला आहे. आईला बोललो नाही. त्या दिवशी अंधार पडल्यावर फक्त तिचं अंथरूण लांब आणि उलटं घातलं.

"डोकं इकडे कशाला रे?"

"फौजेत असंच असतं, आई. खोकला लागत नाही."

आई माझ्या शेजारच्या, डोक्याचा खड्डा पडलेल्या उशीकडे बघत राहिली.

"मग नविनचं डोकं तुझ्याकडे कसं...?"