मुदतीनंतरची हरकत

सप्टेंबरातली ओली दुपार होती. पुण्याच्या कौन्सिल हॉलमधली सुनावणी संपून आमदारांच्या गाड्या एकेक करून फाटकाबाहेर पडल्या होत्या, आणि प्रियदर्शनी व्हरांड्यातल्या लांब टेबलाशी फायली बांधत बसली होती. विधिमंडळ सचिवालयात कक्ष अधिकारी होऊन तिला सहा वर्षं झाली होती. अधिवेशन संपलं की लोकांना वाटायचं, आता विधानभवनाला कुलूप! तिचं काम खरं तेव्हाच सुरू व्हायचं. समित्यांच्या बैठका, साक्षी, दौरे, टिपणं... सध्याची समिती होती खासगी अभ्यासिकांच्या विधेयकावरची. गल्लोगल्ली निघालेल्या अभ्यासिकांना नोंदणी आणि नियम लावायचे, असं ते विधेयक. सभागृहात त्यावरून बराच गदारोळ झाला आणि शेवटी ते समितीच्या पदरात पडलं.

शेवटच्या फायलीची गाठ मारली, तेवढ्यात टेबलाशेजारी पाणी ठिबकायला लागलं.

तिनं मान वर केली. एक उंच, नखशिखांत भिजलेला तरुण. शर्टाच्या आत काहीतरी घट्ट धरलेलं. त्यानं वरचं बटण काढून प्लास्टिकची पिशवी बाहेर ओढली आणि पिशवीतून कागद. माणूस चिंब होता, कागद ठणठणीत कोरडा.

"मॅडम, हरकत द्यायची होती. कलम सातवर."

"हरकतींची मुदत एकतीस ऑगस्टला संपली."

"हो, पण —"

"आज नऊ सप्टेंबर आहे. जाहिरात सगळ्या मोठ्या वर्तमानपत्रांत आली होती. आपण वर्तमानपत्र वाचत नसाल, तर त्यात विधिमंडळाचा दोष नाही."

"वाचतो ना. रोज चार येतात," तो म्हणाला. "पण माझीच अभ्यासिका आहे, मॅडम, कर्वेनगरला. माझ्या हाती पेपर यायच्या आधी मुली चालू घडामोडींची कात्रणं कापून नेतात. तुमची जाहिरात कुठल्यातरी कात्रणाच्या पाठीमागं गेली असणार. मला फक्त भोक दिसलं."

प्रियदर्शनीला हसू फुटणार होतं. तिनं ते खोकल्यात बसवलं.

"मुदत उलटून आलेली हरकत फक्त समिती प्रमुख स्वीकारू शकतात. तसा अर्ज लिहून द्या. उशिराच्या कारणासह."

"कारण... भोक असं लिहू?"

"कात्रण लिहा. भोक वाचून कुणी गंभीरपणे घेणार नाही."

तो टेबलाच्या टोकाला बसून लिहायला लागला. केसांतलं पाणी आता कागदावर पडणार, असं दिसलं तेव्हा तिनं आपला रुमाल पुढं सरकवला. "कागदासाठी," ती घाईनं म्हणाली. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं आणि इतकं सरळ तिच्याकडं बघून हसला, की बांधलेली फाईल तिनं उगाचच सोडून पुन्हा बांधली.

त्याचं नाव सुदर्शन. वाशीमकडचा. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला आला, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, चारदा राहिला. मग एके दिवशी त्यानं पुस्तकं मिटली आणि पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला भाड्यानं घेऊन मुलींसाठी अभ्यासिका काढली. चौतीस खुर्च्या. आणि विधेयकाचं कलम सात म्हणत होतं, किमान पन्नास खुर्च्या हव्यात आणि जागा व्यापारी इमारतीतच हवी. म्हणजे कलम आहे तसं मंजूर झालं, तर अभ्यासिका बंद.

अर्ज वाचून ती उठली. अक्षर सुरेख होतं, हे तिनं मनातच ठेवलं.

समिती प्रमुख सर्जेराव भले गृहस्थ होते. त्यांनी अर्जावर 'स्वीकारावे' असं लिहिलं आणि सुदर्शनची हरकत एकशे तेरावी म्हणून नोंदली गेली. साक्षीची तारीखही ठरली. पण ऑक्टोबरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, सर्जेराव मंत्री झाले, समितीतून बाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ दोन सदस्य बदलले. नवा प्रमुख नेमला जाईपर्यंत सगळंच थांबलं. एकशे तेरा जणांना 'सुनावणी पुढे ढकलली आहे' असं कळवणं प्रियदर्शनीच्या वाट्याला आलं. एकशे बारा जणांना तिनं ईमेल केली. एकाला फोन केला.

"ईमेल चालली असती की," सुदर्शन म्हणाला.

"आपला पत्ता नीट वाचता येत नव्हता."

"माझं अक्षर?"

"...पाऊस पडला होता ना कागदावर."

"कागद तर कोरडा होता, मॅडम."

तिनं फोन ठेवून दिला. मग दिवसभर कामात तिला दोनदा आपणच आपल्याशी हसताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाहिलं.

त्यानंतर फोन होत राहिले. कधी त्याची शंका असायची, कधी हिच्याकडं नवी तारीख असायची, आणि कधी दोघांकडं काहीच नसायचं. आवाज घुमायचा म्हणून तिनं एकदा विचारलं, "आपण विहिरीतून बोलता का?" तो म्हणाला, "जिन्यात बसलोय. आत बोलायला बंदी आहे. पाटी मीच लावली." मुंबईच्या होस्टेलवर आठवडा काढून ती शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला, कोथरूडला आईकडं यायची. कर्वेनगर तिथून दहा मिनिटांवर. एकदा त्यानं अगदी अलगद विचारलं, "शनिवारी इकडं आलात तर... चहा?"

"नाही येता येणार," ती म्हणाली. "तुमची हरकत माझ्या फायलीत आहे. आणि अहवाल सभागृहात ठेवेपर्यंत आतलं एक अक्षर मला सांगता येत नाही. तेव्हा विचारूही नका."

"चहाबद्दल विचारलं, अहवालाबद्दल नाही."

"चहा झाला की अहवाल निघतो."

तो पलीकडं खळखळून हसला. पण पुन्हा त्यानं चहाचं विचारलं नाही, आणि याचं तिला बरंही वाटलं, वाईटही वाटलं.

दिवाळीनंतर नव्या प्रमुख आल्या, विमलाबाई. तीन वेळा निवडून आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आणि कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या. "मला जागा दाखवा," त्या म्हणाल्या. "खुर्च्या बघितल्याशिवाय खुर्च्यांचा कायदा कसा करायचा?" पुण्यातल्या तीन अभ्यासिका पाहायचं ठरलं. यादी विमलाबाईंनीच केली. तिसरं नाव कर्वेनगरचं होतं.

गिरणीच्या पट्ट्याची खडखड, हवेत पिठाचा कोमट वास आणि त्याला लागून अरुंद, उभा जिना. विमलाबाई पायरीपायरीला थांबत वर गेल्या. वर मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. चौतीस मुली पुस्तकांत डोकं घालून बसल्या होत्या. विमलाबाईंनी एकीला हळूच नाव विचारलं.

"माहेनूर."

"घरी अभ्यास होत नाही का गं?"

"होतो ना. सगळे बाहेर गेले की," ती म्हणाली. "पण आमच्याकडं सगळे कधी बाहेर जातच नाहीत."

विमलाबाई हसल्या. बाकीचे सदस्य चहाकडं वळले. प्रियदर्शनी मात्र मागच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीला पक्के गज होते. खाली मोकळा बोळ. तिनं वळून जिन्याकडं पाहिलं, पुन्हा खिडकीकडं. वर यायला तो एकच जिना, आणि तोही गिरणीच्या मोटारीला खेटून. काही झालं, तर या मुली कुठून बाहेर पडणार?

सुदर्शन चहाचा कप घेऊन शेजारी आला. "अखेर चहा घेताय तर," तो कुजबुजला. "इतकं काय बघताय?"

"खिडकी."

"उजेड छान येतो ना?"

"हो." तिनं वहीत दोन ओळी लिहिल्या.

त्यानं वहीकडं पाहिलं नाही, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "काय लिहिलंत?"

"सांगता येत नाही."

"चांगलं की वाईट?"

खाली गिरणी थांबली. तिचा स्वतःचा आवाज तिलाच मोठा वाटला. "खरं," ती म्हणाली.

कप तसाच त्याच्या हातात राहिला.

त्या दिवसापासून त्याचा फोन आला नाही. पहिला आठवडा तिनं कामात ढकलला. दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला की ती आधी नाव बघायची आणि मग नाइलाजानं उचलायची. टिपण तयार करताना त्या दोन ओळींपाशी तिचा हात थांबला होता. खिडकी दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. ओळी गाळल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं. तिनं त्या गाळल्या नाहीत. पण एका शनिवारी आईबरोबर भाजी घेताना कर्वेनगरच्या चौकात ती इतकी रेंगाळली, की आई म्हणाली, "मटार घ्यायचेत की त्यांच्याशी नातं जोडायचंय?"

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. विमलाबाईंनी अहवाल सभागृहात मांडला. पन्नास खुर्च्यांची अट काढावी, लहान अभ्यासिकांना राहत्या इमारतीतही परवानगी द्यावी, अशी शिफारस होती. मात्र बाहेर पडायला दुसरी वाट असलीच पाहिजे. नसेल, तर परवानगी नाही.

सगळं तीन आठवडे तिच्या पोटात होतं. बाहेर येऊन ती नागपूरच्या कोवळ्या उन्हात उभी राहिली आणि तिनं निरोप टाइप केला. 'अहवाल आज मांडला गेला. आता कुणीही वाचू शकतं.' खाली अहवालाची लिंक. आणखी काही लिहावंसं वाटलं... बोट थांबलं. तिनं तेवढंच पाठवलं.

तासाभरानं फोन आला.

"पान एक्केचाळीस," सुदर्शन म्हणाला. 'नमस्कार' नाही, काही नाही. "'मागील खिडकीस पक्के गज असून बाहेर पडण्यास अन्य मार्ग नाही.' हे तुमचं वाक्य ना?"

"समितीचं आहे."

"तुमचंच आहे. चार वर्षं मी रोज ती खिडकी उघडतो, मला नाही दिसलं."

ती म्हणाली, "दुसरा जिना करायला सहा महिने मिळतील. घरमालकांशी —"

"झाला."

"काय झाला?"

"जिना. लोखंडी. गज तर तुम्ही गेलात त्याच आठवड्यात कापले. घरमालक आधी ओरडले, मग त्यांची नात आमच्याकडंच अभ्यासाला बसते हे आठवलं."

"पण... तेव्हा तर अहवाल कुणालाच माहीत नव्हता! तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही खिडकीकडं बघत होतात," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही जिन्याकडं पाहिलं, मुलींकडं पाहिलं, मग गजांकडं. तेवढं पुरलं."

आवाज शक्य तितका कोरडा ठेवत तिनं विचारलं, "मग एक फोन करायला काय झालं होतं?"

"तुम्ही अहवाल लिहीत होतात ना. मी फोन केला असता, तर तुम्हाला ती ओळ लिहिणं जड गेलं असतं. ठेवली असती तरी त्रास, गाळली असती तरी त्रास." आवाज जिन्यात घुमला. "काहून देऊ मी तुम्हाला त्रास?"

रागावलाय, दुखावलाय, विसरला — या सगळ्या शक्यता तिनं महिनाभर उलटसुलट करून पाहिल्या होत्या. ही एकच राहिली होती. डोळे भरून आले. समोरून येणाऱ्या शिपायाला वाटलं, मॅडमना ऊन लागलं.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी दोघं खडकवासल्याला गेली. धरणाच्या कडेला वारा चांगलाच झोंबत होता. गाडीवरची गरम कांदाभजी घेऊन दोघं कठड्यावर बसली, मध्ये भज्यांच्या कागदाइतकं अंतर ठेवून. पाण्यावर कोवळी उन्हं हलत होती.

"माझी समिती बदलली," ती म्हणाली. "सोमवारपासून पंचायत राज. आपली तिथं काही हरकत?"

"नाही बाप्पा."

"निवेदन, तक्रार, साक्ष?"

"काहीच नाही."

"मग ठीक." तिनं भज्यांचा कागद उचलून पलीकडं ठेवला.

मधलं अंतर रिकामं झालं. त्यानं ते पाहिलं. पण तो सरकला नाही. हात एकमेकांत गुंफून पाण्याकडं बघत बसला. कान लाल झाले होते, ते थंडीनं नक्कीच नव्हे.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "परीक्षेत चारदा राहिलो, त्याचं आता काही वाटत नाही. पण हे विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर... वाटेल. खूप वाटेल. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी भांडलात तेव्हापासून."

"मी भांडले नव्हते. नियम सांगितला होता."

"तोच आवडला."

ती हसली. आज खोकल्याची गरज नव्हती. मोकळी, खांदे हलतील अशी हसली आणि हसता हसता अंतर आपोआप संपलं.

"गावी हुरडा सुरू झालाय," तो घाईनं म्हणाला, जणू आता थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही. "आई म्हणते, पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन ये. तुम्ही... तू... याल का?"

"'तू'च्या पुढं 'येशील' येतं," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि एकटी कशी येऊ? आईला घेऊन येते."

त्याच्या डोळ्यांत अर्थ उतरायला क्षणभर लागला. मग तो अडखळत म्हणाला, "म्हणजे मी घरी... पाहुणे येणार म्हणून सांगू?"

उत्तर न देता तिनं पर्समधून फोन काढला आणि तिथंच, वाऱ्यात, आईला लावला.

"आई, पुढच्या शनिवारी आपल्याला वाशीमला जायचंय."

"वाशीमला?" द्वारकाबाईंचा खणखणीत आवाज सुदर्शनलाही ऐकू आला. "तिथं कोण आहे गं आपलं?"

प्रियदर्शनीनं शेजारी पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता. तिनं मोकळ्या हातानं त्याचा गार हात धरला.

"आहेत, आई," ती म्हणाली. "आपलीच माणसं आहेत."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"बरं," मग आई म्हणाली. "तिकडं थंडी फार असते. स्वेटर घे. आणि त्याला सांग, मला फार तिखट चालत नाही."