द्वारकाबाईंचा टाक

शाळेतून गार्गीला ‘आपला वंशवृक्ष’ हा प्रकल्प मिळाला आणि घरात चार्ट पेपर, डिंक, रंग यांचा बाजार भरला. झाड तिने झकास काढलं. एका फांदीवर तिचा बाबा मुकुल, शेजारी तिची आई कल्पिता, खाली ती स्वतः. माझ्यापाशी येऊन पेन्सिल अडली.

“मृणाल, तुला कुठे लिहू?”

कल्पिता गेली तेव्हा गार्गी तीन वर्षांची होती. मुकुलशी लग्न करून मी मुलुंडच्या या घरात आले त्याला आता दोन वर्षं होतील. ‘मला मृणालच म्हण’ असं पहिल्या दिवशी मीच गार्गीला सांगितलं होतं, मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून. आता ती तशी हाक मारते आणि मला माझाच राग येतो. खोटं कशाला बोलू? तिने मला एकदा आई म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

“खोडाशी लिही, झाडाला पाणी घालणारी बाई,” मी म्हटलं. ती खुदकन हसली, पण लिहिलं मात्र नाही.

प्रकल्पात एका पूर्वजाची माहितीही द्यायची होती. मुकुलच्या घराण्यात नाव काढण्यासारखं कोणी होऊन गेलेलं नाही, म्हणून आम्ही त्याची पणजी निवडली, द्वारकाबाई. भांडुपच्या मिठागरावरच्या कारकुनाची बायको, आणि कोळंबीचं लोणचं फार छान घालायची, एवढंच घरात ठाऊक. मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते. माणूस मेला हेसुद्धा कागद बघितल्याशिवाय मी मानत नाही. त्यामुळे रजा काढून जुन्या शाळेचे, वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवले. शेवटी मुकुलच्या आजोबांचा शाळेचा दाखला आणि द्वारकाबाईंच्या लग्नाची पत्रिका शेजारी शेजारी ठेवली, तर आईच्या लग्नात आजोबा चांगले चार वर्षांचे!

“म्हणजे सावत्र?” मुकुल म्हणाला. “अगं, आईचा विषय निघाला तरी आजोबांचे डोळे भरायचे यार.”

त्या क्षणापासून द्वारकाबाई माझ्या झाल्या. हे त्यांनी कसं जमवलं, ते मला कोणालातरी विचारायचं होतं.

विचारण्यासारख्या उरल्या होत्या मुकुलच्या आत्या, वय ऐंशी, मुक्काम चेंबूर. माझा शोध ऐकून त्या जराही चकित झाल्या नाहीत. देवघरातून त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा लहानसा पत्रा आणून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर बाईची उठावाची आकृती होती. पदर कळत होता, पण चेहरा पार झिजलेला, नुसती गुळगुळीत चांदी.

“सवतीचा टाक,” आत्या म्हणाल्या. “दुसरेपणावर दिलेल्या बाईने वारलेल्या पहिलीला असं गळ्यात बाळगायचं. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, गोडाचा पहिला घास तिला. द्वारकाआजीने मरेपर्यंत घातला होता.”

“आणि मुकुलच्या आजोबांना कधी परकं नाही वाटलं?”

“कसं वाटेल? घरात दोघी होत्या ना.” मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “नेतेस? ने. पण घातलास तर मानाने घाल.”

ऑफिसच्या सवयीने मी आधी त्याचा फोटो काढला. घरी आल्यावर टाक गळ्यात घातला. अंधश्रद्धा वगैरे काही नाही, द्वारकाबाई आवडल्या म्हणून. थोड्या वेळात तो अंगाइतका ऊन झाला. रात्री काढून टेबलावर ठेवला, तर सकाळी उचलतानाही ऊनच. शिऱ्याचा पहिला घास त्याला लावताना मला माझंच हसू आलं.

त्या आठवड्यात गार्गी बदलली. अभ्यासाला मला खेटून बसायला लागली. वेणी घालताना पाठमोरी बसायलाच तयार नाही, माझ्याकडे तोंड करून बसायची. मी आपली हात लांबवून वेड्यावाकड्या वेण्या घालायचे आणि मनातल्या मनात द्वारकाबाईंचे पाय धरायचे.

मग एका सकाळी आरशात टाकावर नाक दिसलं.

मी फोनमधला फोटो काढून बघितला. तिथे नाक नव्हतं. चांदी झिजते, उगवत नाही. घाम, साबण, खिडकीतला उजेड, सगळी कारणं लावून बघितली. एरवी क्लेम फेटाळायला मला एक कारण पुरतं, इथे एकही टिकेना.

पुढे हनुवटी आली. मग ओठ.

रविवारी डोळे आले. डोळ्यांभोवती दोन बारीक गोल आणि मध्ये आडवी रेघ.

चष्मा.

हॉलमधल्या फोटोत कल्पिता चष्म्यातून हसते. मुकुलने माझ्या गळ्यातला टाक उचलून उजेडाकडे वळवला, फोटोकडे बघितलं, पुन्हा टाकाकडे बघितलं.

“काढ ते,” तो म्हणाला. “मृणाल, प्लीज.”

माझा हात दोऱ्याच्या गाठीवर गेला.

तेवढ्यात गार्गी आतून आली. एक बूट पायात, एक हातात.

“आई,” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गाठीवरचा हात काढून मी खाली वाकले, तिला जवळ घ्यायला. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

“खाली खेळायला जाऊ?”

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“हो गं, बाटली घेतलीये,” गार्गी हसून म्हणाली. मग तिने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

“मृणाल, आई हो म्हणाली. मी जाते हां.”