तिकडं अजून काल आहे

नांदेडात देगलूर नाक्याजवळ मोहसीनचं गॅरेज आहे. तिथं शटरच्या आत डाव्या हाताला ताडपत्रीखाली एक बुलेट झाकून ठेवलेली दिसेल. ती कुणाची, असं मात्र विचारू नका. माणूस दिलदार आहे, दुसऱ्या कशालाही उत्तर देईल, चहा पाजेल, गाडीचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगेल. त्या ताडपत्रीचं नाव काढलं की तो उजवी मूठ मिटून घेतो आणि कामाला लागतो.

तसा तो भुताखेताला भिणारा गडी नव्हे. इंजिन बोलतं तेवढंच खरं, बाकी सगळा बाजार, असं म्हणणारा. त्याची दोस्ती जमली ती लातूरच्या विरूपाक्ष सरांशी. सर लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. ते दिवसच तसे होते, गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, आणि प्रत्येक घराच्या वर एक मजला चढवून केलेलं होस्टेल. भूकंपात हादरलेल्या त्याच गावात माणसं मजल्यावर मजले चढवत होती. सर मात्र तळमजल्यावर राहायचे, दाराशेजारी खाट टाकून.

दर रविवारी सर बुलेटवर नांदेडला यायचे. डिकीत नकाशे, वह्या, सेलोटेप. दोघांनी मिळून एक अचाट बेत केला होता. दोन बुलेट मुंबईहून जहाजानं चिलीला धाडायच्या, आपण मागनं विमानानं जायचं, आणि तिथनं पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना असं सरहद्दींमागून सरहद्दी ओलांडत फिरायचं. मोहसीननं सुट्या भागांची यादी केली. कागदपत्रं सरांकडं. प्रत्येक नाक्यावर गाडीचा तात्पुरता परवाना काढावा लागतो, आणि ज्याच्या नावावर गाडी आत गेली त्यानंच ती बाहेर काढायची, असा तिथला कायदा. मोहसीनला हे ऐकून हसू आलं होतं. सर हसले नव्हते. "आत गेलेला बाहेर यायलाच पाहिजे, असा नियम तरी आहे तिथं," एवढंच म्हणाले.

एवढ्या लांब कशाला मरायला, लडाखला जाऊ की, असं मोहसीननं एकदा विचारलं होतं. तेव्हा सरांनी हातगाडीवाल्याकडनं एक पेरू घेतला. त्यांचे वडील, अप्पा, तेरणाकाठच्या गावात मास्तर होते. शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता, म्हणून अप्पा पेरूच घ्यायचे आणि त्यातून छत्रीची काडी आरपार घालायचे. इकडं आपलं गाव, काडी निघाली तिकडं कोणता देश? पेरू! सगळा वर्ग खिदळायचा. सरांनी हे सांगितलं, पेरू तसाच हातात धरून बसले, खाल्ला नाही.

ते गाव सप्टेंबर त्र्याण्णवच्या तीस तारखेला पहाटे तीन छप्पन्नला गेलं. सगळ्यांना ठाऊक आहे ते. अप्पा घरात होते, इरू, म्हणजे आपले सर, विसर्जनाहून दमून पोरांबरोबर शाळेच्या ओट्यावर झोपला होता, आणि आई सिद्धम्मा माहेरी निलंग्याला. अकरा वर्षांचा पोरगा आणि आई, दोघंच उरले. मोहसीन दोनदा त्यांच्या, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या घरी जेवून आला होता. धपाटं वाढताना सिद्धम्मा त्याला 'बाळा' म्हणायच्या.

आता फोनचं. पेरूच्या सरहद्दीवर टाक्ना म्हणून गाव आहे, तिथं हुलियो नावाचा एक गॅरेजवाला सरांना इंटरनेटवर भेटला. खोली देतो, नाक्यावरचे कागदही करून देतो. तिकडचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं. म्हणून सर रविवारी संध्याकाळी त्याला फोन लावायचे, तिकडं सकाळ असायची. फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवलेला, सर इंग्रजी बोलायचे आणि मोहसीन मान हलवायचा.

सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी मोहसीनला हुलियोच्या आवाजामागं काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं लाइन खरखरतेय. मग कान टवकारले. हलगी. साधी, आपली, गावाकडची हलगी, आणि मधूनच झांजेचा छणका. त्यानं बाहेर डोकावून पाहिलं. विसर्जन होऊन चार दिवस उलटले होते, रस्त्यावर नुसत्या रिक्षा. सरांनी हुलियोला विचारलं, तुमच्याकडं आज सण आहे का? तो म्हणाला, नाही बुवा, इथं मी आणि माझं कुत्रं, दोघंच. सरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. खरं सांगायचं तर मोहसीनला त्याचीच भीती वाटली.

"मोहसीन, आपले पहाटेचे तीन छप्पन्न म्हणजे तिकडची आदली संध्याकाळ," सर हळूच म्हणाले. "तिकडं अजून काल आहे. भूकंप व्हायचाय अजून."

मोहसीन म्हणाला, सर, पोरांना फिजिक्स तुम्ही शिकवता, मी नाही. तेवढ्यावर विषय संपला, असं त्याला वाटलं.

एकोणतीस तारखेला पुन्हा रविवार आला. हुलियो दिवसभर नाक्यावरच्या हपीसात जाऊन येणार होता आणि त्याच्या संध्याकाळी फोन करणार होता, म्हणजे आपल्या पहाटे. सर गॅरेजमध्येच मुक्कामाला राहिले. मोहसीननं घरून खिचडी-खट्टा आणला. सरांनी दोन घास खाल्ले. तीनच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टर बिघडलेला, म्हणून मोहसीननं मेणबत्ती लावली आणि पेट्रोलच्या डब्यांपासून लांब, पंक्चर तपासायच्या पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर ठेवली. गॅरेजात नेहमी ऑइलचा वास असतो. त्या वेळी मात्र ओल्या पांढऱ्या मातीचा वास येऊ लागला, जुन्या भिंती पावसात उकलल्यावर येतो तसला.

आणि सर बोलू लागले. वीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

आपल्याकडं लेकरांना शिकवतात ना, रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये म्हणून? भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी त्याला मारता येत नाही. तिसरी आली तर माणूस जिवंत समजावा आणि मगच ओ द्यावी. मोहसीनच्या अम्मीनंही त्याला हेच शिकवलं होतं. इरूला सिद्धम्मांनी शिकवलं होतं. त्या पहाटे ओट्यावरचा इरू धावत घराकडं गेला तर घर नव्हतंच, नुसता धोंड्यांचा ढीग, काळोख आणि धुरळा.

"दोन हाका मारल्या अप्पांनी," सर म्हणाले. "आवाज घरातनं नव्हता रे... पायाखालनं होता. इरू... मग जरा थांबून परत, इरू..."

"मग?"

"मी तिसरीची वाट बघत उभा राहिलो."

मोहसीनला रडूच आलं, खोटं कशाला बोला. अकरा वर्षांचं लेकरू अंधारात आईचा शब्द पाळत उभं आहे आणि खाली बाप आहे. त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सर म्हणाले, ढिगाऱ्यात एक फट होती, मी मावलो असतो. मग म्हणाले, "ती तिसरी हाक तिकडं पोचली असल. मला तिला ओ द्यायचीय. बाकी कुठं फिरायचं नाही मला."

आत्ता मोहसीनला कळलं की दोन वर्षं आपण कसली यादी करत होतो.

फोन वाजला. घड्याळात तीन पंचावन्न. सरांनी बटण दाबून तो दोघांच्या मधे ठेवला. हुलियो नव्हताच. हलगी होती, अगदी जवळ, पोरांचा गलका होता, झांजा होत्या. मग एकाएकी सगळं थांबलं. खोल कुठूनतरी गडगड सुरू झाली, जड मालगाडी पुलावरून जावी तशी, पण गॅरेजातला पाना-पकड जागचा हलला नाही. गडगड थांबली. नुसता धुरळ्यात खोकण्याचा आवाज. आणि मग, थकलेल्या, प्रेमळ मास्तरी आवाजात...

"इरू..."

सरांनी मोहसीनकडं पाहिलं. ते हसत होते. त्यांचे ओठ उघडले.

मोहसीननं काय विचार केला असेल? काहीच नाही. बुडणाऱ्याची कॉलर धरावी तसा झेपावला आणि उजवा तळहात सरांच्या तोंडावर गच्च दाबला. "नको सर... खुदा के वास्ते... आई आहे तुमची घरी..." सर धडपडले, डोकं झटकलं, कडकडून चावले. मोहसीननं हात काढला नाही. सरांचा गरम श्वास त्याच्या तळहातावर येत होता. धक्क्यानं मेणबत्ती हौदात पडली. त्या काळोखात फोनमधून, सरांच्या तोंडून नव्हे, फोनमधून, एका लहान पोराचा आवाज आला.

"ओ अप्पा... आलो."

पायांचा धपधप आवाज, लांब जाणारा. मग दगड कोसळल्याचा. मग काहीच नाही.

लाइट आली तेव्हा मोहसीन गुडघ्यावर बसलेला होता. उजवा हात तसाच, हवेत दाबून धरलेला. हाताखाली कुणी नव्हतं. शटरला आतून कुलूप होतं आणि किल्ली मोहसीनच्याच खिशात होती. सरांची बुलेट जागेवर उभी होती.

सकाळी त्यानं लातूरच्या क्लासला फोन केला. त्या नावाचे कुणी सर आमच्याकडं कधीच नव्हते, असं सांगून त्यांनी ठेवून दिला. तेव्हा मोहसीन गाडी काढून थेट नव्या गावात गेला. घर तेच होतं. सिद्धम्मा दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, कोण गावचे म्हणायचे?

मोहसीननं इरूचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, आज वीस वर्षं झाली, आजच कशाला आलात नाव काढायला?

"बापानं दोन हाका मारल्या, तरी लेकरू हललं न्हाई म्हणं. शेजारणीनं बघितलं. तिसऱ्या हाकेला ओ दिली अन् फटीतनं आत शिरलं. मागनं उरलेली भिंत आली." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मीच शिकवलं होतं त्याला, तिसऱ्या हाकेला ओ द्यावी म्हणून. गप उभा ऱ्हाला असता तर आज एकतीस वर्षांचा असता माझा इरू."

मोहसीनची नजर घरात गेली. आत भिंतीवर दोन हार घातलेले फोटो होते. आधी एकच असायचा. एक अप्पांचा, धोतर-टोपीतला. दुसरा अकरा वर्षांच्या पोराचा, शाळेच्या सदऱ्यात, तोंडभर हसणारा. वरचा एक सुळा पडलेला होता आणि नवा अजून आला नव्हता.

मोहसीननं हळूच उजवी मूठ उघडली. पहाटे सर चावले होते तिथं वळ उमटले होते, अर्धगोल आणि लालभडक. दात बारके होते, लेकराचे. आणि एका बाजूला एका दाताची जागा रिकामी होती.

ते वळ अजून गेलेले नाहीत.