नख अडलं ती रेघ

दुकान दोघांचं होतं. यंत्र काकांचं, काच काकूंची. घड्याळाच्या पोटात डोकं घालायचं काम काकांचं आणि काच घासून लख्ख करायचं काकूंचं. संसार जुना झाला की बोलण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून की काय, दोघांनी एक खूण ठरवून टाकली होती. काचेचं काम बाकी असेल तर घड्याळ ट्रेमध्ये उताणं, झालं असेल तर पालथं. ही पद्धत कधी चुकली नव्हती.

त्या सकाळी काकू दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्यामुळे काच काकांच्या गळ्यात पडली. समोर स्टुलावर बसलेली मुलगी पंचविशीतली, बडबडी. डाव्या भुवईत जखमेची पांढरी खूण. घड्याळ तिच्या बाबांचं. बाबा मागच्या वर्षी गेले. आता ते भावाला त्याच्या लग्नात द्यायचं होतं.

"काच नवीनच बसवा ना, काका."

"अशी आता मिळायची नाही. ही अ‍ॅक्रिलिकची आहे, घासली की ओरखडे जातात."

काकांनी काचेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं नाही तर रेघ वरवरची, अडलं तर खोल. दोन रेघांवरून ते सहज सरकलं. मधोमध मात्र खटकन अडलं.

"सगळ्या माझ्यामुळेच आहेत," ती हसत म्हणाली. "ही कडेची, मला सायकल शिकवताना. मी पडले, माझ्यावर बाबा पडले. भुवई तेव्हाच फुटली. ती वरची, माझं कपाट जिन्यावरून चढवताना."

"आणि ही खोल?"

"तिची तर गोष्टच आहे! पाच वर्षांची होते मी. गच्चीच्या कठड्यावरून वाकले आणि गेला तोल. बाबांनी फ्रॉक धरून मागे खेचलं, त्यात हात गजावर आपटला. आई अजूनही सांगताना रडते."

काकांनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. ओरखडा काही भरून येत नसतो. आजूबाजूची काच झिजवून त्याच्या तळापर्यंत आणायची, की तो उरत नाही. काच आधी धुरकट झाली, मग पेस्ट लावून फडक्याने घासल्यावर उजळली. कडेची रेघ गेली होती. ते दाखवायला काकांनी मान वर केली.

मुलीची भुवई सलग होती.

चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं स्वतःला बजावून त्यांनी वरची रेघ घेतली. तीही गेली. गंमत म्हणून ते म्हणाले, "गेलं बघा तुमचं कपाट."

"कसलं कपाट?"

"जिन्यावरून चढवलेलं."

"माझं कुठलं आलंय कपाट! माझे कपडे आईच्याच कपाटात असतात."

काकांचा हात थांबला. "सायकल येते का तुम्हाला?"

"नाही हो. राहूनच गेली शिकायची."

उरली फक्त मधली.

"ही राहू दे," काका म्हणाले.

"अहो, तीच तर डोळ्यांत खुपते! दादा म्हणेल, भंगार आणून दिलं. काढाच."

"हात भरून आलाय. उद्या या."

"मला नाही जमलं तर आई येईल," असं म्हणून ती गेली.

काका किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत बसले. काकूंना सांगावं तर त्यांनी हसून हसून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. या वयात आपण असल्या गोष्टीला घाबरतोय याची त्यांना लाज वाटली, पण भीती काही जाईना. उद्या पोरीला काहीतरी थाप मारायची आणि घड्याळ असंच परत द्यायचं, हे त्यांनी पक्कं ठरवलं. रेघेवरची नजर न हलवताच त्यांनी घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं आणि जेवायला गेले.

उताणं.

परत आले तेव्हा काकू फडकं झटकत होत्या.

"मधली रेघ भलतीच चिवट हो. बोटं दुखायला लागली. पण काढली एकदाची."

घड्याळ पालथं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांचं लक्ष दारावरच. पोरगी यावी, बडबड करावी, डोकं खावं. बाकी काही नको.

आल्या त्या एक वयस्क बाई.

"काल घड्याळ ठेवून गेले होते. झालं का चालू?"

"तुम्ही ठेवलंत?"

"तुमच्याच हातात दिलं की. मुलाच्या लग्नात द्यायचंय."

काकांनी त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं. "आणि तुमची मुलगी?"



"तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी हळूच विचारलं. "पाच वर्षांची होती. गच्चीवरून गेली. हे मागेच उभे होते. हात पोचला नाही."

त्यांनी घड्याळ उचलून उजेडात धरलं.

"त्या दिवशी हातातून काढलं, ते पुन्हा घातलंच नाही त्यांनी. म्हणून तर काच अशी राहिलीय. एक ओरखडा नाही."

पुसून देतो म्हणत काकांनी ते मागून घेतलं. काचेवर नख टेकवलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी सावकाश फिरवलं.

नख कुठेच अडलं नाही.