काचेखालची रोपं

“माझा वाफा कोणीतरी मारतंय,” शिवणबाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक जाडजूड, गुळगुळीत पुस्तक काढून त्यांनी दाजींच्या टेबलावर ठेवलं. ओळख पटवायला प्रेत आणावं, तसं.

दाजी खासगी शोधाची कामं घेत. सोबत मेहुणा असे. बायकोनं गळ्यात अडकवलेलं हे लोढणं त्यांनी कुरकुर न करता वागवलं होतं. मेहुण्याला प्रत्येक प्रकरणातला गुन्हेगार चहा निवायच्या आत सापडे, आणि हटकून भलताच.

पाण्याच्या टाकीमागे लोकांना भाजीपाल्यासाठी वाफे दिलेले होते. त्यातला एक शिवणबाईंच्या नवऱ्याचा. गेल्या उन्हाळ्यात तो तिथेच कुदळ मारता मारता भरदुपारी कोसळला, संध्याकाळी सापडला. वाफा हंगामभर ओसाड राहिला, तर रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा असा तिथला नियम. बाईंनी जन्मात मातीत हात घातला नव्हता, पण वाफा सोडवत नव्हता. मुलाला म्हणाल्या, मला एक चांगलं पुस्तक निवडून दे. त्यानं दिलं. शिवणकामात बेतावर कापड कापावं तसं त्यांनी ते ओळ न ओळ पाळलं. तीनदा पेरलं, तीनदा उगवलं, तीनदा करपलं. परवा वाफ्यांची समिती बघायला येणार.

“शेजारच्या वाफ्याचा ड्रायव्हर आहे ना, रिटायर झालेला,” बाई म्हणाल्या, “त्याचा पुतण्या रांगेत पहिला आहे. पुस्तकात सांगितलंय, रोपांवर काच झाकायची, ऊब राहते. तिसऱ्या खेपेची रोपं सगळ्यात जास्त तगली होती. तेव्हाच काचा सरकायला लागल्या. सकाळी मी झाकून जायची, संध्याकाळी बघावं तर बाजूला. मग मी वर विटा ठेवल्या, त्याला चार शब्द सुनावले. तरी आठवड्यात गेली.”

“ड्रायव्हरच,” मेहुणा पुस्तक चाळत म्हणाला. चित्रं मोठी देखणी होती. गुलाबी गालांची माणसं लोकरीचे स्वेटर घालून उन्हात हसत खणत होती.

“मेहुणे, जरा दमानं,” दाजी म्हणाले.

ड्रायव्हरकाकांनी काहीच नाकारलं नाही. काचा मीच सरकवायचो, म्हणाले. सांगायला गेलो, तर बाईंनी तोंड उघडू दिलं नाही. पुतण्याचं नाव काढून असं झोडलं की पुन्हा त्या बाजूला गेलो नाही. त्यांच्या स्वतःच्या वाफ्यावर भिजवलेली गोणपाटं ताणलेली होती आणि खाली वांगी तरारली होती.

“कबूल केलं,” मेहुणा कुजबुजला. दाजी गोणपाटांकडे बघत होते.

पुस्तकवाल्याला ते पुस्तक नेणारा बाईंचा मुलगा पक्का आठवत होता. भाजीपाल्याची तीन पुस्तकं होती. त्या गृहस्थानं तिन्ही एकाच पानावर उघडली: कोणत्या महिन्यात काय करायचं. एक पातळ, चित्रं नसलेलं, इथल्याच कुणा बागवानानं लिहिलेलं. ते वाचताना हसला, म्हणाला, बाबा अगदी असंच करायचे. मग ते खाली ठेवलं आणि जाड पुस्तक बांधून घेतलं.

“महाग ते चांगलं, असं वाटलं असेल,” मेहुणा म्हणाला.

मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. घरी भेटला. माती-बिती आपल्या डोक्यावरून जाते, पुस्तक दिसायला बरं होतं म्हणून घेतलं, एवढंच म्हणाला. घरात तो एकटाच राहत होता. गॅलरीत पुदिन्याची एक कुंडी होती. बुंध्याशी वाळलं गवत, वर ओलं फडकं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी बाई, मुलगा आणि काका, तिघांनाही वाफ्यापाशी बोलावलं. त्यांनी वीट उचलली, काच सरकवली आणि मेहुण्याचा हात आत धरला. मेहुण्यानं तो झटक्यात ओढून घेतला. बाईंची इस्त्री परवडली असती.

“हा उकाडा खुनी,” दाजी म्हणाले. “पुस्तक खोटं नाही. पण ते थंड मुलखासाठी लिहिलंय. तिथली माणसं उन्हातही स्वेटर घालतात. बाई, दुसऱ्याच्या मापाचा बेत तुम्ही इंच न इंच पाळलात. तिसरी रोपं तगली, कारण काका काचा सरकवत होते. विटा ठेवल्या आणि ती शिजली.”

ड्रायव्हरकाकांनी मान खाली घातली. बाई त्यांच्याकडे बघू शकल्या नाहीत.

“म्हणजे चूक,” मेहुणा म्हणाला. “गुन्हा नाहीच.”

“चूक अजाण माणसाची असते, मेहुणे. या मुलाच्या कुंडीला गवत आहे, ओलं फडकं आहे. वडिलांची रीत याला पाठ आहे. त्यानं तिन्ही पुस्तकं महिन्यांच्या पानावर ताडून पाहिली, बरोबर कुठलं ते ओळखलं आणि ते खाली ठेवलं. इतकं पारखून चुकीचं पुस्तक घेतो, तो चुकत नसतो.”

मुलानं वाफ्याच्या कडेला बोट दाखवलं.

“बाबा इथंच पडले होते,” तो म्हणाला. “अख्खी दुपार. आई, तू पण रोज एकटीच यायचीस. वाफा सोड म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं.” बाई खाली बसल्या. करपलेलं एक रोप त्यांनी दोन बोटांत धरलं, दोरा धरावा तसं. “पण मला वाटत होतं, माझा हातच वाईट आहे. आधी ते गेले, मग त्यांच्या मातीतलं सगळं. रात्र रात्र हात बघत बसायची रे मी.”

मुलगा पुढं झाला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

“पुस्तक चांगलं निवडलंस. ज्यासाठी घेतलंस ते काम झालं.”

मेहुण्याला राहवलं नाही. काकांची चार रोपं इथं लावू, उद्यापुरतं हिरवं दिसेल, असं त्यानं सुचवलं. काका तर खुरपं घ्यायलाही वळले. बाईंनी मान हलवली. ज्यांचा वाफा त्यांच्या हाताचं राहिलं नाही, माझ्या हाताचं झालं नाही. मग राखायचं काय, म्हणाल्या.

त्यांनी काचा एकावर एक रचल्या. भिंतीला टेकलेली नवऱ्याची कुदळ उचलली, दांड्यावरची माती पदरानं पुसली आणि ती ड्रायव्हरकाकांच्या हातात दिली.

“पुतण्याला द्या,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला सांगा, दुपारचं एकट्यानं येत जाऊ नकोस.”